तळाचा रस्सा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तिथे जपानी शिकते, म्हणून सुट्टीत घरी जपानी पद्धतीचं नाबे केलं. तसं सोपं असतं. मधोमध शेगडी ठेवायची, उकळत्या पाण्यात कोबी, गाजर, मश्रूम सोडायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून एकाच पातेल्यातून घेत खायचं. मला खरं तर आईला आमच्याबरोबर बसवायचं होतं. ती नेहमी सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवते.

"एकाच पातेल्यात सगळ्यांचे चमचे? उष्टं नाही का होत?" म्हणत ती उभीच राहिली. "तुम्ही बसा, मी वाढते."

बाबा आणि मी जेवलो. तळाशी थोडा रस्सा राहिला. त्यात शेवटी भात शिजवतात आणि तोच सगळ्यात चविष्ट लागतो, असं मी ऐकलं होतं. तसा शिजवून मी वाटी आईच्या हातात दिली.

"सगळ्यात चांगलं हेच असतं गं, आई."

"हो का?" ती म्हणाली आणि वाटी बाबांपुढे ठेवली.

बाबांनी ती चाटूनपुसून संपवली. पातेल्यावरची वाफ विरेपर्यंत मी तिथेच बसून होते. नुसतं 'एवढं उरलंय' म्हटलं असतं, तर तिने खाल्लं असतं.