अहमदपूरच्या स्टँडवर खिशात गेलेली कवळी

मागच्या वर्षी तुम्ही फोनवर सारखं विचारायचात, आजोबा कॅमेऱ्यासमोर का येत नाहीत? मी सांगायचे, झोपलेत. ते झोपलेले नसायचे. शेजारच्याच खुर्चीत तोंडाला रुमाल लावून बसलेले असायचे. उरलेले दात काढून झाले होते, नवी कवळी आली होती, आणि ती बहुतेक वेळ पाण्याच्या वाटीत पडून असायची.

त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन लातूरच्या डॉक्टरांनी पुढे ढकललं होतं. वजन फार उतरलंय, आधी खाणं सुधारा, मग बघू, असं म्हणाले. आजोबा पेज, दूध आणि कुस्करलेल्या केळ्यावर होते. भाकरी वाढली की ताट सरकवायचे.

कवळी नांदेडला माझ्या भाचीने केली होती. ती दातांचीच डॉक्टर. खालची कवळी टोचते म्हणून आम्ही दोनदा तिच्याकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा तिने हिरडीवरून बोट फिरवून विचारलं, "काका, नक्की कुठं?" आजोबा गालाला हात लावायचे. "हितंच कुठं तरी." हिरडी गुलाबी, ओरखडाही नाही. दुखतं म्हणून ते कवळी काढून ठेवायचे, आणि तिच्याकडे पोचेपर्यंत जखम भरून यायची.

"मी अंदाजाने घासणार नाही," दुसऱ्या खेपेला भाचीने बजावलं. "चुकीच्या जागी घासली तर सैल होईल. पुढच्या वेळी आदल्या दिवसापासून घाला आणि घालूनच या. दुखू दे. जखम दिसली तरच मला काही करता येईल."

तिसऱ्या खेपेचा आदला दिवस त्यांनी कवळी घालून कसाबसा काढला. सकाळी नांदेडच्या गाडीत ते खिडकीशी बसले, ओठ घट्ट मिटून. आयुष्यभर वर्गात आवाज चढवून गणित शिकवलेला माणूस, पण कंडक्टरकडे तिकिटंही दोन बोटं दाखवूनच मागितली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

"काकू, भांडण झालं का काय?"

"नाही हो. दात दुखतायत."

"ह्या वयात दुखायला दात हायत, नशीबच म्हणायचं!"

आजोबांनी असं काही पाहिलं की त्या पुढे वळल्या त्या वळल्याच.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहासाठी थांबली. आजोबा उतरले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा गाल आत गेलेले होते. मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. आत रुमालाची पुरचुंडी होती.

"अहो, घाला परत."

"न्हाई."

"अहो, निम्मा रस्ता तर झालाय."

"लई दुखायलंय. तुला काय कळतंय? तुझे सगळे जागेवर हायत."

ते खरंच होतं. मी पिशवी उचलली.

"मग उतरू या. लातूरची गाडी इथूनच मिळेल."

"उतरू म्हंजे?"

"नांदेडला जाऊन काय करायचं? ती पुन्हा बोट फिरवणार, पुन्हा गुलाबी हिरडी बघणार." धमकी द्यायचं माझ्या मनात नव्हतं. पुढचं मला खरंच काही दिसत नव्हतं. "असंच चाललं तर ऑपरेशन होणार नाही. आणि हर्नियातलं ते आतडं एखाद्या दिवशी अडकलं, तर मी एकटी काय करू?"

कंडक्टर दारात उभा होता. "काकू, उतरताय का बसताय?"

आजोबांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली. पुरचुंडी सोडली, खिडकीबाहेर हात काढून कवळी ओली केली आणि तोंडात बसवली. डोळ्यांत पाणी आलं.

"बसतोय," ते म्हणाले. त्यातला स शिटीसारखा वाजला.

पुढचा सगळा रस्ता त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. खड्डा आला की पकड आवळायची.

भाचीने त्यांची जीभ बाजूला केली आणि थांबली. "हे बघ, मावशी." खालच्या हिरडीवर, जिभेकडच्या बाजूला, अगदी मागे, एक लालभडक रेघ होती. तिने तिथे जांभळ्या पेन्सिलीचं टोक टेकवलं, कवळी बसवून दाबली, काढली. कवळीच्या कडेवर जांभळा ठिपका उमटला होता. तेवढाच भाग तिने घासला आणि कड गुळगुळीत केली.

"चावा, काका."

आजोबांनी दात दाबले. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. आठी पडली नाही.

"जखम भरेपर्यंत थोडं दुखेल. आता फक्त रात्री काढायची, साध्या पाण्यात ठेवायची. लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर मागून उचलेल. आणि स नीट उमटावा म्हणून रोज मोठ्याने आकडे म्हणा, साठ ते सत्तर."

"मला आकडे शिकवती का, पोरी?"

"म्हणून तर दाखवा."

सहासष्टला कवळी टक्कन वाजली. सदुसष्टला भाचीने मान फिरवली. "हसू नको," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा साठपासून सुरू केलं.

ऑपरेशन पुढे झालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला मात्र त्याच्या आधीची एक दुपार आठवते. कुणी बघत असलं की ते चावायचे थांबत, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत होते. वरणात कुस्करलेली नाही, नुसती भाकरी आणि वांग्याची भाजी. मागून हळूहळू टक्, टक् असा आवाज येत होता. मग तो थांबला. माझा हात परातीतच राहिला.

"काय गं," आजोबा म्हणाले, "ताट रिकामं हाय. पीठ संपलं काय?"