रुद्राणी रोडलाइन्स

मी चौसाळ्याच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा मन्मथप्पांच्या माडीवर भाड्याने राहायचे. खाली त्यांचं दुकान, हायवेकडे तोंड करून. पाईप, पाण्याच्या मोटारी, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या. दुकानामागच्या खोलीत संगणक होता आणि त्याच्यापुढे त्यांची थोरली मुलगी रुद्राणी बसलेली असायची.

रुद्राणीला लातूरला दिली होती. नवऱ्याचं दुसरं घर आहे हे लग्नानंतर कळलं. सासरच्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. वर्षाच्या आत ती परत आली. तिला कुणी परत जा म्हणालं नाही, आणि आता पुढं काय, असंही कुणी विचारलं नाही. आप्पांनी तिला बिलं करायला बसवलं, एवढंच. पोरीची सोय लागली असं सगळ्यांना वाटलं.

दुकानाची एक पिकअप होती. माल पोचवायचा ड्रायव्हर वेळेवर यायचा नाही, गिऱ्हाइकं दुकानात येऊन ओरडायची. एकदा रुद्राणी म्हणाली, "आप्पा, मी शिकू का गाडी? नेकनूरपतूर तर मीच माल टाकून येईन."

आप्पांनी मान वरसुद्धा केली नाही. "गाडी शिकून तुला कुटं जायचंय?"

तिचा धाकटा भाऊ बसवेश्वर इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आला की तीच पिकअप चालवायचा. त्यानं पुढचा दिवा फोडला, दार चेपवलं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

संगणकावरच्या खेळांचं तिला वेड लागलं ते असं. प्रिंटरची शाई आणायला ती बीडला गेली होती. बसस्टँडच्या मागं जमीलभाईंचं दुकान होतं. संगणक दुरुस्त करायचे, सीड्या विकायचे. तिथं एका खोक्यावर तिला ट्रकचं चित्र दिसलं. जमीलभाईंनी डिस्क लावून दाखवली. काचेवर पाऊस पडत होता, वायपर हलत होते, समोर लांबच लांब रस्ता. तिनं ती डिस्क घेतली आणि येताना एसटीत मांडीवर धरून बसली. हे सगळं तिनंच मला सांगितलं. तिला सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या खेळात आधी दुसऱ्याचा ट्रक चालवायचा, मग स्वतःचा घ्यायचा, मग ड्रायव्हर ठेवायचे, गॅरेजं बांधायची. रुद्राणीनं आपल्या कंपनीचं नाव ठेवलं, रुद्राणी रोडलाइन्स. दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि वीज असली की ती बसायची. बसम्मा, तिची आई, शेंगा फोडत शेजारी खुर्ची ओढायच्या.

"आज काय भरलंय?"

"सफरचंद. मिलानहून हॅम्बर्गला."

"लई लांब हाय का?"

"लांब हाय. मधी डोंगर हाय."

"मंग जरा हळू ने माय, दबतेत ती." बसम्मा अगदी मनापासून सांगायच्या. मी ऐकायची आणि हसू दाबायची. पण त्या खोलीतलं ते बोलणं मला आवडायचं. त्या घरात रुद्राणीला कुठं जातेस, काय करतेस, असं कौतुकानं विचारणारं तेवढंच होतं.

डिस्कांचं आमच्याकडं काही खरं नव्हतं. उन्हाळ्यात धूळ, भारनियमन, वीज आली की एकदम दाब वाढायचा. एका डिस्कला चरे पडले, दुसरी अडकू लागली. शेवटी एक दिवस संगणकच जळाला आणि तिची सगळी गॅरेजं त्याच्याबरोबर गेली. ती दोन दिवस नीट जेवली नाही. आप्पांना वाटलं, तब्येत बरी नाही.

त्याच सुमारास बसवेश्वर पुण्याला नोकरीला लागला होता. सुट्टीला आला तो म्हणाला, "अक्का, डिस्क-बिस्क सोड आता. सगळं इंटरनेटवर मिळतंय. त्यांचं एक सॉफ्टवेअर टाकायचं, अकाउंट उघडायचं, त्याच्यातच गेम घ्यायची. चरा पडायची भानगड न्हाई. संगणक जळला तरी नव्या संगणकावर पुन्हा उतरवून घ्यायची. पैसे एकदाच."

तिनं विचार केला. पुढच्या खेपेला बीडला गेली तेव्हा जमीलभाईंना विचारलं. मीही बरोबर होते.

जमीलभाई म्हणाले, "ताई, माझा धंदा हाय, म्हणून मी डिस्कच घ्या म्हननार, ते सोडून द्या. पर एक सांगतो. डिस्क तुमच्या हातात असती. तिथं हातात काय? नुस्तं नाव. ज्याच्या नावावर, त्याचं."

"पण डिस्क टिकत न्हाई की हो इथं."

"न्हाई टिकत. खरं हाय," ते म्हणाले. "आन् आता तर डिस्कवाल्यांचंबी खरं न्हाई. खोक्यात डिस्क असती, लावली की तीच इंटरनेटवर अकाउंट मागती. मंग मी तरी काय विकतो? खोकं."

एवढं सगळं ऐकून, तोलून तिनं ठरवलं. उगाच भावाच्या मागं गेली असं कुणी म्हणू नये. घरी आल्यावर तिनं बसवेश्वरला एकच गोष्ट विचारली. "नाव कुणाचं टाकायचं?"

"माझंच टाकतो. कार्ड माझं हाय, ईमेल माझा हाय. तुझं कुटं काय हाय? घरातलंच तर हाय ना."

तिच्याकडं ना बँकेचं कार्ड होतं, ना ईमेल. दुकानाच्या बिलांबद्दल आप्पा तिला महिन्याकाठी काही द्यायचे. त्यातून तिनं भावाला पैसे दिले. त्यानं अकाउंट उघडलं आणि पासवर्ड तिला एका चिठ्ठीवर लिहून दिला.

नव्या खेळाला उतरायलाच आठवडा लागला. फोनची लाइन तुटायची, वीज जायची, ते पुन्हा जिथं थांबलं तिथून चालू व्हायचं. हे तिला फार आवडलं. "बघा बाई," ती मला म्हणायची, "अर्धवट राहिलेलं वाया जात न्हाई." पुढं आणखी काही खेळ घेतले, सगळे तिच्याच पैशांनी. एका पावसाळ्यात वीज पडून संगणक पुन्हा गेला. नवा आणला, पासवर्ड टाकला, आणि सगळे खेळ, सगळी गॅरेजं, सगळे ड्रायव्हर जसेच्या तसे परत आले. मी तिला इतकी खूश त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतर तर नाहीच. तिनं मुद्दाम जमीलभाईंना फोन करून सांगितलं की भावाचं बरोबर होतं. ते म्हणाले, "चांगलं झालं ताई." त्यांनी तोवर सीड्या विकणं बंद करून मोबाईलचे रिचार्ज मारायला सुरुवात केली होती.

मग आप्पा गेले. दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या. त्यांना माती देऊन लोक घरी गेले, आणि महिनाभरात हायवे चौपदरी होणार अशी बातमी आली. रस्त्याकडेच्या जागेला एकदम भाव आला. कधी नव्हे तो बसवेश्वर दर रविवारी पुण्याहून गाडी घेऊन यायला लागला.

एका रविवारी त्यानं जेवताना विषय काढला. "अक्का, हक्कसोडपत्रावर सही लागंल तुझी. सगळ्याच बहिनी देतेत. एकदा माझ्या नावावर झालं की पुढचं सगळं मी बघतो. तुला काय कमी पडू देनार हाय का मी?"

ती म्हणाली, "दुकान आणि मागची खोली माझ्या नावावर कर. बाकी सगळं तुझं."

"नावावर कशाला पाहिजे? राहा की. तुला कोन हाकलतंय?"

"न्हाई हाकलनार, तर मग नाव लावायला काय जातंय?"

तो ताटावरून उठला. तसाच गाडी काढून पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं संगणक लावला, तर पासवर्ड चुकीचा असल्याचं आलं. तिला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. चिठ्ठी काढून एकेक अक्षर बघून टाकलं. मग तिनं त्याला फोन लावला. मी तिथंच होते. फोनचा आवाज मोठा होता, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बसू, ते पासवर्ड घेत न्हाई रे."

"मी बदललाय."

"कावून?"

"अकाउंट माझं हाय, अक्का. माझ्या नावावर हाय."

"गेम तर मी घेतल्यात. तुला दरवेळी पैसे दिले मी."

"कशावरून?"

तिनं हातातली चिठ्ठी उलटून पाहिली. तो पुढं म्हणाला, "सही कर. पासवर्ड लगेच पाठवतो." आणि फोन ठेवला.

तिनं माझ्याकडून खेळ विकणाऱ्या त्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. उत्तर सभ्य आलं. अकाउंट ज्याच्या नावानं उघडलं, तोच त्याचा धनी, दुसऱ्याच्या नावावर ते करता येत नाही. तिनं ते मला वाचायला लावलं, मान हलवली आणि बिलं करायला बसली.

बसम्मांना तिनं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका खेळापायी भावाशी वाकडं घेतीस व्हय? लहान हाईस का आता?" ज्या खेळात त्यांनी स्वतः इतक्या दुपारी सफरचंदांची काळजी केली, त्याच खेळाबद्दल हे बोलणं. मला फार राग आला. पण आईचा जीव लेकाकडं ओढणार, हे रुद्राणीला माहीतच होतं.

बसवेश्वरनं शेवटी बैठक बोलावली. दुकानातच सतरंजी टाकली. गिरणीवाले धोंडीराम अण्णा आणि आणखी चार-पाच मोठी माणसं आली. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. धोंडीराम अण्णा भला माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. ते म्हणाले, "पोरी, तुजं म्हननं काय हाय ते मोकळेपनानं सांग."

रुद्राणीनं ते मनात नीट जुळवलं असावं. ती उभी राहिली आणि शांतपणे बोलू लागली.

"अण्णा, मी माझ्या पैशानं संगणकावरच्या गेम घेतल्या. नाव याचं टाकलं, घरातलंच हाय म्हनून. आज हा म्हनतो, कशावरून तुझ्या. जागेचंबी उद्या..."

तिला पुढं बोलता आलंच नाही. गेम म्हटल्याबरोबर एकजण हसला, मग दुसरा. धोंडीराम अण्णांनीही तोंडावर पंचा धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईतो हसू आलं होतं. "गेम?" ते म्हणाले. "अगं, आमी समजलो दागिन्या-बिगिन्याचं काय आसंल!"

बसवेश्वर हसला नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "बगा अण्णा. दिसभर खेळत बसती. डोकं कुटं हाय तिचं, तुमीच बगा. हिच्या नावावर दुकान करू?"

तिला जे म्हणायचं होतं ते अगदी साधं होतं. एकदा दुसऱ्याच्या नावावर विश्वास ठेवला, फसले, म्हणून या वेळी मला नाव पाहिजे. एखादा वकीलही याहून वेगळं काही बोलला नसता. पण तिथं कुणी ते ऐकलंच नाही. त्यांनी एकच शब्द ऐकला, आणि त्या शब्दाबरोबर तिची अख्खी बाजू निकालात निघाली. चहा आला. लोक रस्त्याच्या भावाबद्दल बोलू लागले. ती अजून उभीच होती.

त्यानंतर बसम्मांनी जेवण टाकलं. "तुमी दोघं भांडा, मला आप्पांकडं जाऊ द्या," असं म्हणून भिंतीकडं तोंड करून निजल्या. तिसऱ्या दिवशी रुद्राणी बीडला जाऊन सही करून आली. मी तिला म्हणाले होते, थांब, कोर्टात जाऊ. ती म्हणाली, "बाई, कोर्टातबी मला हेच सांगावं लागंल. आन् तिथं हसनारी मानसं जास्त असतील."

परत येताना मांजरसुंब्याला भावानं गाडी थांबवली, तिच्यासाठी भजी सांगितली आणि मोबाईलवर पासवर्ड पाठवून म्हणाला, "घे अक्का. तुझं तुला दिलं. आता राग सोड." तिनं भजी खाल्ली नाहीत असं तिनं मला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "न्हाई, दोन खाल्ली. भूक लागली होती."

तो पासवर्ड तिनं किती तरी दिवस वापरलाच नाही. एकदा वापरला. खेळ सगळे होते. पण मधल्या काळात बसवेश्वरनं ते अकाउंट आपल्या बायकोच्या भावाला खेळायला दिलं होतं. त्यानं ट्रक आपटले, कर्ज काढलं, गॅरेजं विकली, ड्रायव्हर काढून टाकले. सगळ्यात शेवटी जो खेळला असेल, त्याचाच खेळ त्या कंपनीकडं जपलेला राहतो म्हणे. रुद्राणी रोडलाइन्स नावाखाली एकच ट्रक उरला होता, तोही चेपलेला. पुन्हा पहिल्यापासून करता आलं असतं. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "वर कोपऱ्यात नाव बघा कुणाचं हाय." तिथं बसवेश्वरचं नाव होतं. पहिल्यापासून तेच होतं. आधी आमच्या दोघींच्याही ते डोळ्यांत आलं नव्हतं.

रस्त्यात गेलेल्या जागेचे पैसे आले तसं बसवेश्वर बसम्मांना पुण्याला घेऊन गेला. रुद्राणीला तो चल म्हणाला, एकदाच. उरलेलं दुकान त्यानं नेकनूरच्या गहिनीनाथ नावाच्या माणसाला भाड्यानं दिलं. त्यालाही पाईपांचाच धंदा करायचा होता, आणि बिलं करायला माहितीतलं माणूस हवं होतं. रुद्राणी पगारावर राहिली. मागच्या खोलीतच राहायची, त्याचं भाडं तिच्या पगारातून कापलं जाई.

माझी बदली झाली. निघताना मी तिला भेटायला दुकानात गेले. गहिनीनाथ तिला काम समजावून सांगत होता. वाईट माणूस नव्हता, नवखा होता, आणि गावात काय काय ऐकून आला होता.

"एवढंच सांगायचंय ताई," तो जरा अवघडून म्हणाला, "संगणकावर गेम-बिम नका खेळू. धंद्याचा संगणक हाय."

"न्हाई खेळत मी," रुद्राणी म्हणाली, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "पाईप किती इंची पाहिजे?"