जमिनीपासून साडेचार इंच

मी कोपरगाव तालुक्यात कालव्यावर ओव्हरसियर होतो, तेव्हाची ही आठवण आहे. बाहत्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. कालव्याला पाणी होतं, आणि त्या वर्षी माघात उसाला तुरे असे आले होते की संध्याकाळी रानाकडे पाहिलं तर जमिनीवर एक दुसरी, करडी, हलणारी जमीन ठेवल्यासारखी दिसायची. त्या तुऱ्यांमधून एक फिकट हिरवी गाडी आवाज न करता सरकत चालली आहे, असं मला आजही कधी कधी दुपारच्या झोपेत दिसतं. स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं, पण ते घडलेलं आहे आणि त्यातली सगळी मापं मला पाठ आहेत.

गाडी माझ्या मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. नगरला दोन वर्षं कॉलेज करून तो शेतीवर परत आला होता. येताना त्याने डिग्री आणली नाही, ही गाडी आणली. नगरच्या कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली, त्याची ती दोन माणसांची, टपाची घडी घालून मागे टाकता येणारी विलायती गाडी. दारं इतकी बुटकी की बाहेर उभं राहून आतलं स्टिअरिंग धरता यावं. चालायची छान. पण चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा मोकळी दिसे, आणि ती मेहुण्याला सहन होत नसे.

"दाजी, पायजमा आखूड झालेल्या मानसावानी दिसती," तो म्हणायचा.

त्याच्या खिशात एका इंग्रजी मासिकातलं पान असे. नगरला कटिंगच्या दुकानात फाडून घेतलेलं. त्यात समुद्राकाठच्या रस्त्यावर अशीच एक गाडी होती, पण जमिनीला पोट लावून बसलेली. त्याचं लग्न ठरलं आणि त्याने ठरवलं, की नवरी आणायची ती अशा गाडीतून.

सासऱ्यांचा विरोध होता. गाडीला नव्हता, ती खाली घेण्याला होता. आमच्या सासुरवाडीचं गाव मोठ्या रस्त्यापासून सव्वा मैल आत. ती सगळी गाडीवाट. बैलगाड्यांनी दोन बाजूंना चाकोऱ्या खोल केलेल्या आणि मधे मातीचा उंचवटा. सासरे ओसरीवर सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "नवरी आनताना वाटंत गाडी अडली तर आपलं गाव हसंल, आन् तिचं म्हायेरबी. पहिल्याच दिशी पोरीची मान खाली गेली तर ती मला वर काढता यायची न्हाई."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं.

"दाजी मोजून सांगत्याल तसं करा," ते म्हणाले आणि विषय संपला.

म्हणजे तो माझ्यावर आला.

खात्याची उंचसखल मोजायची दुर्बीण आणि काठी, म्हणजे लेव्हल आणि स्टाफ, माझ्याकडे होते, पण ते सरकारी. घरच्या कामाला मी ते काढले नाहीत. दोन सारख्या विटा, एक सरळ सागवानी पट्टी आणि फूटपट्टी घेतली. दर पंचवीस पावलांवर दोन्ही चाकोऱ्यांत एकेक वीट ठेवायची, विटांवर पट्टी आडवी टाकायची, आणि पट्टीपासून मधल्या मातीपर्यंत मोजायचं. तीन सकाळी हे केलं. हंगाम चालू होता, उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या खोल व्हायच्या तेवढ्या झाल्या होत्या, म्हणून पुढे माप बदलेल ही भीती नव्हती. थंडी असे, कालव्यावरून वाफ निघे, लांब कुठे गुऱ्हाळाचा धूर जमिनीलगत पसरलेला असे, आणि मी ओणवा होऊन वाटेचं पोट मोजत असे. येणारे-जाणारे गाडीवान बैल थांबवून विचारायचे, "सायेब, कालवा हितनं नेता का काय?" मी नाही म्हणायचो. कारण सांगायची मला लाज वाटायची.

सगळ्यात उंच जागा विहिरीजवळच्या वळणावर निघाली. साडेतीन इंच.

मग आम्ही नगरला गेलो. माळीवाड्याच्या पलीकडे ट्रकचे कमानपाटे करणारा एक मिस्त्री होता. पोलादी पाट्यांची ती चवड, जिच्यावर गाडीचं मागचं वजन झुलतं. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, मेहुण्याच्या हातातलं मासिकाचं पान पाहिलं, आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं झाली, जो येतो तो पाटा चढवायला. माल जास्त भरायचा असतो. काढायला आलेले तुम्हीच पहिले."

"दिसायला बरं," मी म्हणालो.

"कुणाला?"

मेहुणा लाजला. मिस्त्री हसला आणि कामाला लागला. मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, उरलेल्यांची कमान भट्टीत तापवून ठोकून जरा सपाट केली. पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला. गाडीखाली सगळ्यात सखल जागा म्हणजे सीटांच्या मागे असलेला सायलेन्सरचा डबा. तो आधी जमिनीपासून साडेसहा इंचांवर होता. काम झाल्यावर मोजला, साडेचार. मग मी आणि मेहुणा गाडीत बसलो आणि मिस्त्रीला मोजायला लावलं. माणशी पाव इंच, दोघांचे अर्धा. राहिले चार. वाट साडेतीन. अर्धा इंच शिल्लक.

"अर्धा इंच पुरतो का, दाजी?"

"मोजलेला असला तर पुरतो," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो हे मला चांगलं आठवतं.

लग्न मुलीच्या गावी लागलं. वऱ्हाड ट्रकमधून कालव्याच्या लांबच्या, ट्रकलाच झेपतील अशा खड्ड्यांच्या रस्त्याने पुढे गेलं. गाडी मागून मोठ्या रस्त्याने येणार होती. मी सायकलवर आधी निघून गाडीवाटेच्या तोंडाशी थांबलो होतो. आपला हिशेब डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा. ऊन उतरलं होतं. तुरे पिवळे झाले होते.

गाडी लांबून दिसली. खरं सांगतो, मी पाहतच राहिलो. आखूड पायजमा गेला होता. ती रस्त्यावरून येत नव्हती, रस्त्यातूनच उगवून येत होती. मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या, शेजारी हिरवा शालू होता. आणि त्या दोघांच्या मागे, टपाच्या घडीवर, एका ट्रंकेला मिठी मारून बसलेलं तिसरं डोकं होतं.

पाठराखीण.

नवरी सासरी पहिल्यांदा येते ती एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिच्या माहेरची एक बाई येते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. माझी स्वतःची बायको आली तेव्हा तिच्याबरोबर तिची आजी आली होती आणि पाच दिवस राहिली होती. मी सव्वा मैल वाट पंचवीस-पंचवीस पावलांवर मोजली आणि माणसं दोन धरली.

मी हात वर केला. थांब म्हणून. मेहुण्याला वाटलं, मी आनंदाने हात हलवतोय. त्यानेही हलवला आणि गाडी वाटेत घातली.

मी सायकल दामटली. विहिरीच्या वळणावर खालून खर्र आवाज आला आणि गाडी थांबली. मी आडवा होऊन खाली पाहिलं. सायलेन्सरचा डबा मधल्या मातीत रुतला होता. पाठराखीण ऐन मागच्या पाट्यांवर बसलेली, तिचा अर्धा इंच, ट्रंकेचा पाव. चारातून पाऊण गेला, राहिले सव्वातीन. पाव इंचाने अडलो होतो. पुढे रेटलं असतं तर डबा उपटून निघाला असता.

मेहुण्याचा चेहरा मला पाहवेना. गावातला ताशा ऐकू येत होता, सासरे वेशीत उभे असणार.

"मावशी," मी पाठराखणीला म्हणालो, ती नवरीची आत्या होती, "जरा खाली उतरता का? एवढं वळण."

"उतरू? आन् पोरीला वाटंत सोडू? उंबऱ्यापत्तूर हिचा हात सोडनार न्हाई म्हनून भावाला सांगून आलीया मी."

"मग नवरीबाईंनी—"

"शीव वलांडल्यावर नवरीचा पाय भुईला लागत न्हाई. तुमच्यात लागतो का?" तिने मला आपादमस्तक पाहिलं. "कालव्यावरचं सायेब ते तुमीच ना? समदी वाट इटा मांडून मोजली म्हनं. पाठराखीन न्हाई धरली व्हय हिशोबात? तुमची बायकू काय येकलीच आल्ती?"

पदराआड नवरीचे खांदे हलले. ती रडते आहे असं वाटून मेहुणा आणखी पांढरा पडला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "त्यात याचं काही नाही." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मी पुन्हा हिशेब केला. "तू उतर," मी मेहुण्याला म्हणालो. "पाव इंच. ट्रंक काढू, आणखी पाव. राहतील पावणेचार."

"मंग गाडी चालवंल कोन?" मेहुण्याने विचारलं.

मागे कारखान्यावर ऊस टाकून रिकामी आलेली एक बैलगाडी खोळंबली होती. गाडीवान जुवावर कोपर ठेवून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "चालवायची कशाला? वढायची. आमची बैलं काय वजनात न्हाईत तिच्या." ट्रंक त्याने आपल्या गाडीत ठेवली, बैल सोडले, चऱ्हाट गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधलं. मेहुणा खाली उतरला आणि बाहेरून, एका हाताने, स्टिअरिंग धरून उभा राहिला. मी पुन्हा वाटेत आडवा झालो. पाव इंच उजेड दिसत होता.

बैल निघाले.

इंजिन बंद. बैलांच्या गळ्यातली घुंगरं आणि चाकांखाली माती चुरल्याचा आवाज, एवढंच. दोन्ही बाजूंना तुरे, त्यांच्यात शेवटचं ऊन अडकलेलं. गाडी इतकी खाली होती की मागून पाहताना चाकं दिसतच नव्हती. हिरवा शालू आणि एक पांढरं डोकं कमरेएवढ्या उंचीवरून तरंगत चाललं होतं आणि बाजूने मुंडावळ्या बांधलेला माणूस चालत होता. मी सायकल हातात धरून मागे चालत होतो. पावलं मोजायची सवय आहे मला; त्या दिवशी मोजली नाहीत.

"हळू," नवरी म्हणाली. पदराआडून, पण स्पष्ट. "उजव्या अंगाला धोंडा हाय."

मेहुण्याने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. धोंडा मागे गेला.

"आनि पुढं?" त्याने विचारलं.

"पुढं सांगते."

आत्याने तोंड दुसरीकडे केलं. नवरी मघाशी रडत नव्हती, हसत होती, हे तेव्हा मला आणि मेहुण्याला कळलं.

वेशीच्या अलीकडे वाट सपाट होते. तिथे सासरे लोकांसह उभे होते. त्यांनी बैल पाहिले, चऱ्हाट पाहिलं, मग बराच वेळ गाडी पाहिली. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे का, हे ठरवण्याआधीच ती त्यांच्या समोर येऊन थांबली होती. मी पुढे होऊन चऱ्हाट सोडलं आणि मेहुण्याला हळूच म्हणालो, "आता बस. इथून एक इंचाचाही उंचवटा नाही. दारापर्यंत चालवत ने."

तो दोन पावलं मागे सरला. मान कलती करून त्याने गाडीकडे आणि गाडीतल्या नवरीकडे पाहिलं.

"नको, दाजी," तो म्हणाला. "आतनं कुटं दिसती ती."

आणि गाडीवानाला त्याने बैल पुन्हा जोडायला सांगितलं.