चुलतीच्या गोळ्या आणि पाटाचं पाणी

रक्ताचा कर्करोग झालेल्या माणसाला जगातल्या क्षुल्लक गोष्टींचा विसर पडतो, असं मी अनेक गंभीर व्याख्यानांत ऐकलं आहे. माझ्या चुलतीनं ती ऐकलेली नव्हती.

सत्तरी ओलांडलेली ही बाई चुलते गेल्यापासून इंदापूरकडचा ऊस सांभाळते. एवढ्या वयाला जबर केमो झेपणार नाही, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी सौम्य इंजेक्शनं आणि जोडीला पुरुषी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. रक्त टिकेल, आवाज मात्र घोगरा होईल, हनुवटीवर केस येतील, हेही सांगितलं. तिन्ही गोष्टी झाल्या. रक्त टिकलं याचा आनंद आम्हाला, केसांचं दुःख तिला.

भावकीतल्या एका लग्नात ती पूर्ण वेळ तोंडाला पदर लावून बसली. घरी आल्यावर तिनं गोळ्यांची पाकिटं फळीवर टाकली. "मरताना दाढी नगं," म्हणाली. गोळ्या सोडल्या तर रक्त पुन्हा उतरेल, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. मी समजावलं, सुनेनं समजावलं. पाकिटं फळीवरच राहिली.

दोन दिवसांनी पाटाच्या पाण्याची पाळी आली आणि पाणी काही आलं नाही. आमचं रान पाटाच्या शेवटाला. पाणी सोडणारा पाटकरी बाईचा फोन असला की "घरातल्या गड्याला द्या" म्हणून ठेवून देतो, हा अनुभव जुना. तिचा मुलगा लोणी देवकरला कारखान्यात, ड्यूटीवर. त्याचा फोन बंद. मी उसातलं काही जाणत नाही, हे पाटकऱ्यालाही ठाऊक. शेवटी तिनंच पाटकऱ्याला फोन लावला.

"पाणी कुठं अडलंय?"

पलीकडचा आवाज एकदम नरमला.

"निगालंच बगा आबा. आत्ता सोडतो."

"सोड," म्हणाली आणि फोन ठेवला. पाटकऱ्याची चूक दुरुस्त करण्याची तिला काही गरज वाटली नाही. मग सुनेला म्हणाली, "फळीवरचं पाकीट दे गं. आन् दोरा आन, हनुवटीचं बग जरा."

पुढच्या तपासणीत रक्त चांगलं निघालं. डॉक्टरांनी तिच्या जगण्याच्या जिद्दीबद्दल बरंच काही सांगितलं. ती मान डोलवत होती.

रानात उसाच्या खोडव्याला त्या वेळी पाणी चालू होतं.