भानगडबाई आणि तिचे बिशप

माझ्या बायकोला चर्चमधल्या बायका भानगडबाई म्हणायच्या. तिच्या पिशवीत जपमाळ आणि खुनाचं पुस्तक एकाच कप्प्यात असायचं. खूनही साधासुधा नाही. विलायतेतली बड्या घरच्या पोरांची जुनी बोर्डिंग शाळा, तळघरात गुप्त मंडळी, आणि वर एखादा बिशप, सगळं दाबून टाकणारा. असली पुस्तकं ती वाचायची आणि चर्चमधली एकही मिस्सा-प्रार्थना चुकवायची नाही. हे दोन्ही एका बाईत बसत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचू नये.

आखातात फुजैराला मी तेलाच्या टाक्यांवर वेल्डिंग करायचो, ती एका ब्रिटिश शाळेत आया होती. देश सोडून जाणारे गोरे मास्तर टाकून जायचे ती पुस्तकं ही उचलून आणायची. मी चौथी शिकलेला. जेवताना ती मला गोष्ट मराठीत सांगायची. पुढे पुढे तिला शाळेतही तेच दिसायला लागलं.

"आमचा हेडमास्तर बघा हो, स्टोअरची चावी स्वतःकडे ठेवतो. उगाच?"

"अगं, मार्कर असतील."

"मार्करला कुलूप लावतात?"

महिन्यातून एकदा मराठी मिस्सा व्हायची. त्यात बायबलचं पहिलं वाचन तिचं. शाळेत दिवसभर पोरांची नाकं पुसणारी बाई माईकसमोर उभी राहिली की सगळं चर्च गप्प. त्या वाचनात तिचा जीव होता.

मग टोबीची भानगड झाली. टोबी पुस्तकातला शाळकरी पोरगा. गुप्त मंडळींचं बोलणं ऐकलं म्हणून त्याला नदीत ढकलतात. शाळा सांगते पळून गेला, आणि बिशप त्याच्या नावाने प्रार्थनाही होऊ देत नाही. ही धड जेवेना. शेवटी चर्चच्या ऑफिसात जाऊन मेलेल्यांच्या मिस्सेसाठी त्याचं नाव देऊन आली. फादरनी वेदीवरून ते वाचलंही. बायकांनी विचारलं, "कोण गं तुझा?"

"पुस्तकातला. तिथे त्याला कोणी रडलं नाही."

फादर हसले. चर्च कमिटीचा चेअरमन हसला नाही. म्हणाला, "आंटी, चर्चची बदनामी करणारी पुस्तकं वाचायची आणि वेदीजवळ उभं राहायचं, हे चालणार नाही. सोडली म्हणून सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर वाचन खलास."

ही म्हणाली, "पुस्तकातला बिशप खोटं बोलतो म्हणून माझा देव खोटा पडत नाही. तुमचा पडत असेल तर तुमचं तुम्ही बघा."

वाचन गेलं. चेअरमनच्या बायकोला मिळालं. ही पहिल्या बाकावर बसून तेच वाचन पुटपुटायची, तेही तिच्या दोन शब्द पुढे. ती बिचारी अडखळायची. मी कोपर मारलं की म्हणायची, "काय? माझ्या देवाशी बोलतेय." लोकांना वाटलं, हिला काहीच वाटत नाही. घरी येऊन रडायची, ते मला माहीत.

मग हिला फुप्फुसाचं दुखणं आलं. चेअरमन हॉस्पिटलात फळं घेऊन आला. "आंटी, आता तरी सोडली म्हणा. ईस्टरला तुम्हीच वाचा."

तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "फळं ठेवा. पुस्तकं राहतील."

तो गेल्यावर मी म्हटलं, "म्हणून टाक ना एकदा. काय जातंय?" एकदा तरी तिला त्या माईकसमोर बघायचं होतं मला.

"भिऊन हो म्हटलं, तर तिथे उभी राहून मी काय वाचू?"

ईस्टरच्या आधीच गेली.

तिला विमानाने वसईला न्यायच्या आदल्या दिवशी इथे मिस्सा ठेवली. चेअरमन म्हणाला, "वाचन माझी मिसेस करेल." मी म्हटलं, "नाही. मी करणार." फादरनी मान डोलावली. वेल्डिंगने डोळे अधू झालेले, शिक्षण ते तसलं. एकेक अक्षर लावत वाचलं. जोडाक्षर आलं की थांबलो, मागे गेलो, परत वाचलं. चेअरमनने घड्याळ बघितलं, तेव्हा आणखी सावकाश वाचलं.

मिस्सा संपल्यावर तिच्या शवपेटीजवळ येऊन त्याने माझा हात धरला. "अंकल, फार छान वाचलंत."

मी हात सोडवून घेतला. "चर्चमध्ये खोटं बोलू नका, चेअरमनसाहेब. छान ती वाचायची."