एकोणपन्नासचं घर

आबा लोणारला शाळेत शिपाई होते. शाळा सुटली की फळे पुसायचं काम त्यांचं; पण फळ्यावर मूळ अवयव पाडलेले दिसले, की पुसण्याआधी ते वहीत उतरवून घ्यायचे. स्वतः चौथी शिकलेले. मी गणिताची शिक्षिका झाले, त्याचं श्रेय लोक माझ्या हुशारीला देतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना एक खेळ सापडला. एखादा आकडा घ्यायचा, त्याचे मूळ अवयव लहानापासून मोठ्यापर्यंत शेजारी शेजारी लिहायचे आणि जो नवा आकडा होईल तो पुन्हा फोडायचा. दहाचे अवयव दोन आणि पाच, म्हणून पंचवीस. पंचवीसचे ५५, त्याचे ५११, त्याचे ७७३. हा मात्र फुटत नाही, मूळ संख्या आहे. "पोचला घरी," म्हणत आबा त्याखाली दोन रेघा मारायचे.

एकोणपन्नासनं त्यांना छळलं. ४९, ७७, ७११, ३३७९. त्या शनिवारी मी मेहकरहून एसटीनं आले, पिशवीत तपासायचे पेपर, डोकं भणभणलेलं. आबा वही घेऊन समोर बसले.

"पोरी, हा फुटते का पाह्य बरं. एकोणतीसपर्यंत भागून पाह्यलं म्या."

फोन हाताशी होता. मी पेपरावरून मानसुद्धा वर केली नाही. "नाही फुटत, आबा. मूळ आहे. झालं तुमचं."

"खरंच पोचला?"

"हो म्हटलं ना!"

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "माह्या पोरीनं एकोणपन्नास घरी पोचवला." पुढच्या शनिवारपासून वही माझ्यासमोर आलीच नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. दोन वर्षं ते बसला गर्दी होती का विचारायचे, जेवलीस का विचारायचे; आकडा एकही विचारला नाही.

ते गेल्यावर आईनं वही माझ्या हातात दिली. ३३७९ खालच्या दोन रेघा खोडलेल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, ३१ × १०९. एकोणतीसच्या पुढची लगेचची मूळ संख्या एकतीस. एक भागाकार करायचा होता मला, फक्त एक.

"त्याईले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं," आई म्हणाली. "मले म्हणत, पोरीले सांगू नको, थकून येते थे."

आणि टपरीवर शेवटपर्यंत माझंच कौतुक करत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे ३११०९, १३२३९३, ३४४१३१, पानंच्या पानं भागाकार. मी नंतर वाचलं की एकोणपन्नास घरी पोचतो की नाही, हे अजून जगात कुणालाच माहीत नाही. मोठमोठे संगणकही अडकलेत. "मलाही माहीत नाही आबा, बघू या," एवढं म्हटलं असतं, तर किती शनिवार आम्ही दोघं त्या वहीवर बसलो असतो.

वही ७११४३५२३ पाशी थांबली आहे. अक्षर थरथरतं. तीननं भागून झालंय, सातनं झालंय, दोन्हींनी जात नाही. मी पेन्सिल घेतली आणि अकरानं भागलं. बाकी शून्य.

"आबा, फुटला!" मी मोठ्यानं म्हणाले. आतल्या खोलीतून आई धावत आली.