टाळ्यांची सवय

हिंगणघाटात वेणा नदीच्या पुलाकडे मी सकाळी फिरायला जातो, तिथे ते भेटतात. जिनिंग कारखान्यात काट्यावर कापूस मोजून घेणारे बाबू. हंगामात केसांत कायम रुई अडकलेली. सध्या पाच किलोमीटरच्या पहिल्यावहिल्या शर्यतीची तयारी चालली आहे, एकट्यानेच. पळणं कसलं, कामाला उशीर झाल्यासारखी लगबग. शर्ट इन केलेला, खिशाला पेन. बोलायचं तेही स्वतःशीच. "दम लागला का? नाई लागला. मग काऊन थांबलास? चाल."

परवा मात्र माझ्यापाशी थांबले. खाली बघत म्हणाले, "भाऊ, शर्यतीत लोकं टाळ्या वाजवतात म्हणे. मले सवय नाई, गडबडून जाईन. उद्या पुलापाशी उभं राहून वाजवजा ना जराशा."

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी जाऊन उभा राहिलो. ते वळणावर दिसताच मी जोरजोरात टाळ्या वाजवत ओरडलो, "चला बाबूजी, चला!"

ते जागीच थांबले. रस्त्यावर आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. तरी ते मागे वळून बघत राहिले, टाळ्या कोणासाठी आहेत ते.